जावईबापूंचा घास

कुशल जेवायला बसला की नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या घरात घड्याळच मागे पडायचं. प्रणालीचं जेवण व्हायचं, ओटा पुसून व्हायचा, चार वर्षांची रीना चिऊ-काऊच्या नावाने पोळी संपवून टीव्हीसमोर जाऊन बसायची, आणि कुशलराव अजून पहिल्याच पोळीच्या काठाशी रेंगाळत असायचे. तुकडा असा मोडायचे की मुंगीनेही म्हणावं, थोडा मोठा चालला असता. मग तो भाजीत भिजवायचा, चावायचा, चावतच राहायचा, मान जराशी उजवीकडे कलती करायची, वर घोटभर पाणी, आणि डोळे बारीक करून तो घास खाली सोडायचा; अरुंद जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवावं तशा बेताने.

सासूबाई कुसुमताई याला संस्कार म्हणायच्या. "माह्या कुशलले लहानपणापासून चावून-चावून खायाची सवय लावली म्या," असं त्या गल्लीतल्या आयांना सांगत. त्या आया आपापल्या मुलांना आणून कुशलचं जेवण दाखवत. एकदा तर समोरच्या करिष्माने आपल्या पोराला त्यासाठी खुर्ची टाकून बसवलं होतं. पोरगं बसल्या बसल्या झोपलं.

प्रणाली मात्र बीएस्सी झालेली होती आणि आई झालेली होती, आणि या दोन्ही गोष्टी एका बाईच्या अंगात आल्या की तिच्या नजरेतून काही सुटत नाही. रीनाच्या तान्हेपणी तिला रात्री उठून पोरीचा श्वास मोजायची सवय लागली होती. पोरगी मोठी झाली, सवय रिकामी झाली, आणि एके दिवशी ती नवऱ्याच्या ताटावर जाऊन बसली. मग तिला एकेक दिसायला लागलं. सावजीचा रस्सा हा माणूस चमच्याने वाटीभर पितो, पण मटणाच्या फोडीला हात लावत नाही. वाडीच्या गोडाऊनला कामावर जाताना डबा विसरेल, पाण्याची बाटली विसरणार नाही. हॉटेलात बसायची जागा निवडतो ती बेसिनजवळची. मधेच उठून जातो आणि डोळे लाल करून परत येतो, म्हणतो, मिरची लागली. भातावर मिरची लागते. वरून लहानपणी दमा होता आणि अजूनही हवा बदलली की शिंकांचा कारखाना सुरू होतो, हे कुसुमताईंनीच कौतुकाने सांगितलेलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अन्ननलिकेची दुर्बिणीने तपासणी करून घ्या, उशीर करू नका. प्रणालीने तारीख घेतली. त्या दिवशी वाडीला रायपूरहून अचानक ट्रक आला. दुसरी तारीख घेतली, तेव्हा गोडाऊनचं ऑडिट निघालं. तिसऱ्या वेळी कुशल खरोखरच हॉस्पिटलपर्यंत गेला आणि परत आला.

"काय झालं?"

"पार्किंग नव्हती."

"तू स्कूटीवर गेला होता."

"स्कूटीलेच नव्हती," कुशल म्हणाला. मग बूट काढता काढता खरं बोलला. "मी सावकाश जेवतो, येवढाच माहा गुन्हा हाये का? तो एवढा मोठा पाइप तोंडातून आत घालतेत. मले तर पाहूनच उलटी येते वं."

"झोपेचं इंजेक्शन देतात."

"मंग तर अजूनच नाई. झोपेत काय काय करतीन."

त्याच आठवड्यात तिने रीनाला पोळीच्या घासानंतर मान कलती करून घोटभर पाणी पिताना पाहिलं. ही बापाची नक्कल की बापाचा रोग? रोग असेल तर त्याचं नाव काय? नाव कळणार कसं, बापच तोंड उघडायला तयार नाही तर. आता तिला एकच ध्यास लागला: काहीही करून कुशलच्या घशात दुर्बीण उतरवायची.

अशातच यंदाचा अधिक ज्येष्ठ आला आणि प्रणालीच्या माहेरून, कुहीहून, फोन आला.

अधिकाचा महिना म्हणजे जावयाचा महिना. जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, नवे कपडे करायचे आणि पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, कारण या महिन्यात जावई म्हणजे नारायण. हे सगळीकडेच चालतं. पण प्रणालीच्या माहेरी, तिचे बाबा नानाजी यांच्या घराण्यात, याच्यावर एक वेगळी रीत होती: पहिला धोंडा सासूने आपल्या हाताने भरवायचा आणि जावयाने तो अख्खाच्या अख्खा तोंडात घ्यायचा. तोडायचा नाही. तोडला तर पुण्यही अर्धंच पदरात पडतं, असं नानाजींची आजी सांगून गेली होती.

प्रणालीने आईला फोन केला. "आई, धोंडे बारीक कर. सुपारीएवढे."

"हाव, बारीकच करीन," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

आता चंद्रकलाबाईंच्या हाताला बारीक ठाऊकच नव्हतं. भातलावणीच्या बायांसाठी स्वयंपाक करण्यात जन्म गेलेला. त्यांचा बारीक धोंडा पिंगपाँगच्या चेंडूएवढा निघाला, कणकेचं जाड आवरण, आत ठासून पुरण, वाफवलेला, वर तूप. कार्यक्रमाच्या दिवशी प्रणालीने तो आईच्या बोटांत पाहिला तेव्हा ती स्वतः कुहीच्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला रीनाच्या चपला शोधत होती. कुशल पाटावर बसलेला, कपाळभर कुंकू, डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर शेला, बाजूला कूलर धडधडतोय, समोर सासरची माणसं हात जोडून उभी. अशा वेळी कोणता नारायण म्हणेल की माझं तोंड लहान आहे?

घास गेला. म्हणजे तोंडातून गेला. पोटात पोचला नाही.

प्रणालीला ते लांबून कळलं. कुशलची मान उजवीकडे कलली, मग डावीकडे, मग सरळ झाली आणि तशीच राहिली. त्याने पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, आणि तो घोट जसा गेला तसाच वर आला. कुशल उठला, शेला सावरत मोरीपाशी गेला, परत आला तो तोंडावर रुमाल दाबून, आणि पाटावर न बसता खाटेवर बसला. भिंतीकडे तोंड करून.

प्रणाली धावत गेली. "अडकला?"

त्याने मान हलवली: नाही.

"श्वास येतो ना?"

मान हलवली: येतो. बोलायला म्हणून तोंड उघडलं तर लाळेची धार लागली आणि उमासा आला, म्हणून पुन्हा रुमाल. मग खिशातून फोन काढून टाइप करून तिच्यापुढे धरला: काही नाई. जाते आपोआप. कोणाले सांगशील तर पाहाय.

तरीही तिने सांगितलं. अंगणाच्या मध्यावर उभी राहून स्पष्ट शब्दांत सांगितलं की ह्यांच्या घशात घास अडकला आहे, दवाखान्यात न्यायला पाहिजे. आणि तिथेच सगळं बिघडलं. कारण खाटेवरून कुशलने जोरजोरात मान हलवली: नाही, नाही. आणि पडवीत सुपारी कातरत बसलेले चंपतराव हसले.

चंपतराव म्हणजे तिच्या आत्याचे यजमान. या घरचे सगळ्यात जुने जावई, आणि पंचक्रोशीत रुसव्याच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. स्वतःच्या लग्नानंतर ते याच घराच्या छपरावर चढून बसले होते, रेडिओसाठी, आणि रेडिओ शिडीवरून वर पोचवला तेव्हाच उतरले होते.

"नानाजी," चंपतराव म्हणाले, "पोरीचं नका ऐकू. बायको सांभाळूनच घेते. मी छपरावर होतो तवा तुमची बहीण बी म्हणे, त्याइच्या पोटात दुखते. अडकला असता तर माणूस खोकलला असता, डोळे फिरवले असते. हा पाहा कसा बसला. उठला, बोलला नाई, भिंतीकडं तोंड केलं. हा रुसवा होय."

"काहून रुसन बाप्पा?" नानाजी घाबरले. ते गावातले सरळ माणूस, धानाचं शेत बरं आणि आपलं घर बरं, कुणाशी वाकडं त्यांना माहीत नव्हतं. "चांदीची वाटी दिली. कपडे दिले."

"वाटी," चंपतराव म्हणाले. पुढे काही म्हणायची त्यांना गरज वाटली नाही.

चंद्रकलाबाई आत जाऊन अंगठीची डबी घेऊन आल्या. रीनाच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली, आणि रीना चार वर्षांची. नानाजींनी ती खाटेपाशी नेली. "जावईबापू, हे घ्या. चूक-भूल पोटात घाला."

पोटात काही घालण्याची कुशलची स्थितीच नव्हती. त्याने मान हलवली.

"कमी पडली," चंपतराव लांबून म्हणाले.

"नवा कूलर घेऊन देतो, जावईबापू. मोठा."

कुशलने पुन्हा मान हलवली, या वेळी हात जोडून.

"पाहा, हात जोडून राहिला. म्हणजे म्हणते, कायले थट्टा करता गरिबाची."

"म्हैस," नानाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला, कारण म्हैस दुभती होती. "गोठ्यातली म्हैस घेऊन जा नंदनवनले."

कुशलने दोन्ही हातांचे पंजे उघडून जोरात हलवले.

"दोन म्हणते," चंपतराव म्हणाले.

प्रणालीला हसू येत होतं आणि त्या हसण्याच्या तळाशी भीती थरथरत होती. नंदनवनच्या तिसऱ्या मजल्यावर म्हैस जिना चढते आहे असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि जाईना. त्याच डोळ्यांनी ती कुशलच्या रुमालाकडे पाहत होती. रुमाल भिजून चिंब झाला होता, आता शेल्याचं टोक लागलं होतं. थुंकीसुद्धा खाली जात नव्हती. तिने इतक्या रात्री जागून वाचलेलं सगळं डोक्यात रांग लावून उभं राहिलं: थुंकीही गिळता येत नसेल तर थांबायचं नाही, वरून काही ढकलायचं नाही, जोर केला तर नळी फाटू शकते.

आणि नेमकी तेव्हाच आई दुसरा धोंडा घेऊन आली. रुसलेल्या जावयाला समजवायचं तर गोड घासानेच, हे चंद्रकलाबाईंना कुणी सांगायला नको होतं. "घ्या जावईबापू, माह्या हातचा एक. राग गिळून टाका."

तो धोंडा कुशलच्या ओठांपाशी पोचायच्या आत प्रणालीने तो आईच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.



"प्रणाली, काय करून राहिली तू?" आत्या म्हणाली. "जावयाचा मान तो."

प्रणालीला उत्तर देता येईना, तोंड भरलेलं. आई तिसरा घेऊन आली, तोही प्रणालीने खाल्ला. नानाजी पन्ह्याचा पेला घेऊन आले, तो ती उभ्या उभ्या प्याली. चौथ्याला तिने नुसता हात पुढे केला. घरात कुजबुज सुरू झाली की पोरीला नंदनवनात पोटभर मिळत नाही, आणि म्हणूनच कदाचित जावई तोंड दाखवत नाहीत.

"वा," चंपतराव म्हणाले. "हे तर आमच्या वेळेलेबी झालं नव्हतं."

प्रणाली कुशलशेजारी खाटेवर टेकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "आता नागपूरले चल. मी अजून एक बी धोंडा खाऊ शकत नाही."

त्याने टाइप केलं: संध्याकाळपर्यंत जाते.

"अन् नाही गेला तर?"

त्याने टाइप केलं नाही. नुसतं पाहिलं तिच्याकडे, आणि त्या पाहण्यात तिला पहिल्यांदाच कळलं की हा माणूस हट्टी नाही, घाबरलेला आहे, आणि बहुतेक पहिल्या दिवसापासून, पहिल्या फोडीपासून घाबरलेलाच असणार. पण त्याला आता जवळ घ्यायची वेळ नव्हती.

नानाजी आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "जावईबापू, या महिन्यात तुमी नारायण. अंगणात सगळ्याइसमोर सांगतो. जे मागान ते देतो. नाई म्हणणार नाई. चंपतराव साक्षी हाये. पण मुंडी नका हालवू. तोंडानं सांगा."

तोंडानं सांगता येण्यासारखी गोष्ट असती तर एवढं झालंच नसतं. सगळं अंगण कुशलकडे पाहत होतं, कुशल भिंतीकडे पाहत होता. आणि प्रणालीच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. खरं सांगून कुणी हललं नाही. रुसव्यासाठी मात्र म्हैस दावणीतून सुटायला आली होती. आणि या क्षणी या अंगणात कुशलच्या वतीने बोलू शकेल असं एकच तोंड होतं, ते नुकतंच धोंड्यातून मोकळं झालं होतं.

"बाबा, ते मला कानात सांगतात," ती म्हणाली, आणि तिने कुशलच्या तोंडाशी कान नेला. आतून गुळण्या केल्यासारखा आवाज आला. ती शहाण्यासारखी मान डोलावत राहिली, मधे एकदा "अच्छा?" असंही म्हणाली, आणि मग उभी राहिली.

"ते म्हणतात, मले सोनं नको, म्हैस नको. सासऱ्यानं स्वतः गाडीत बसवून नागपूरले न्यावं, मोठ्या डॉक्टरकडून घशाची दुर्बिणीनं तपासणी करून द्यावी. आजच. आत्ताच. नाहीतर पुढच्या अधिकात ते येणार नाहीत."

कुशल खाटेवरून उडालाच. त्याने दोन्ही हातांनी नाही-नाही केलं, पण आजच्या दिवसात त्याच्या नाही-नाहीची किंमत पार उतरलेली होती. त्याने घाईघाईने फोनवर काही लिहिलं आणि थेट नानाजींच्या नाकासमोर धरलं. नानाजींचा चष्मा घरात. त्यांनी फोन मुलाकडे दिला.

सौरव, प्रणालीचा धाकटा भाऊ, सकाळपासून पाणी वाढण्यापलीकडे कशात नव्हता. त्याने फोन वाचला. फोनवर लिहिलं होतं: मी असं काही म्हटलं नाई. सौरवने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. दहावीत त्याच्या सिगारेटचं पाकीट आईच्या हाती लागलं तेव्हा प्रणालीने ते माझं आहे असं सांगून मार खाल्ला होता. आता ती त्याच्याकडे तशीच पाहत होती, फक्त या वेळी तिच्या हनुवटीवर पुरण होतं.

"काय म्हणते?" नानाजींनी विचारलं.

"लवकर करा म्हणते," सौरव म्हणाला.

चंपतरावांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर असूया होती, आणि असूयेखाली खराखुरा आदर. "तपासणी मागितली," ते म्हणाले. "येवढ्या वर्षांत एकाही जावयाले नाई सुचलं."

सौरवच्या बोलेरोत पुढे नानाजी बसले, कारण सासऱ्याने स्वतः न्यायचं ठरलं होतं. मधे कुशल, हातात स्टीलचा लोटा, अजून टोपी आणि शेल्यासकट. एका बाजूला प्रणाली, मांडीवर रीना. दुसऱ्या बाजूला चंद्रकलाबाई उरलेल्या धोंड्यांचा डबा घेऊन, कारण कुठेही रिकाम्या हाताने जाणं त्यांना जमत नव्हतं. मागच्या आडव्या बाकावर साक्षीदार म्हणून चंपतराव. बाहेर उमरेड रोडवर ऊन असं पडलं होतं की डांबर चकाकत होतं. कुशल लोट्यात थुंकत होता आणि दोन थुंकींच्या मधे बायकोकडे असं पाहत होता की ती खिडकीबाहेर पाहायची.

"पप्पाचं लग्न आहे का?" रीनाने विचारलं.

"नाही राजा."

"मग टोपी?"

"ते नारायण आहेत."

रीनाला ते पटलं. दिघोरी चौकात सिग्नल लागला. बाजूच्या ऑटोवाल्याने कुंकू लावलेल्या, लोटा धरलेल्या कुशलला पाहून हात जोडले, आणि कुशलने, काय करणार, मान तुकवली. प्रणालीला हसू फुटलं ते आवरेना. तिने तोंड रीनाच्या केसांत लपवलं. खांदे हलत होते. चंद्रकलाबाईंना वाटलं पोरगी रडते आहे, त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि मग ती खरंच थोडी रडली.

हॉस्पिटलमध्ये काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंटला काय झालंय. चार आवाजांत चार उत्तरं आली. चंपतरावांचं सगळ्यात मोठं होतं: "रुसले हायेत."

डॉ. चारुशीला यांनी पडद्याआडून हे ऐकलं होतं. उंच, केस पांढरे, चेहऱ्यावर हसण्याचं काहीही नसलेल्या. त्यांनी कुशलला पाणी दिलं नाही, पोट दाबलं नाही, थुंकी गिळून दाखवा म्हणाल्या, लोटा पाहिला, आणि म्हणाल्या, "केव्हापासून अडकतं?"

कुशलने आजचं म्हणून जमिनीकडे बोट दाखवलं.

"लग्नाच्या आधीपासून," प्रणाली म्हणाली.

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने पाहून म्हणाल्या, "मी बाईंचं खरं धरते. चला, काढू रुसवा."

आत नेताना कुशलने प्रणालीचा हात धरला आणि सोडेना. तिने टोपी काढून घेतली, कपाळावरचं कुंकू पदराने पुसलं. "झोप येईल," ती म्हणाली. "मी इथंच आहे. आणि मी तुझ्या नावाने जे बोलले त्याबद्दल, तुला परत बोलता आलं की मला बोल. पाहिजे तितकं." दार लागलं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिला आठवलं की आपण तीन धोंडे खाल्ले आहेत.

कुसुमताई तोवर नंदनवनहून ऑटोने पोचल्या होत्या. त्यांना फोनवर एवढंच कळलं होतं की जावयाच्या मानात काहीतरी कमी-जास्त झालं, म्हणून त्या भांडायच्या तयारीने आल्या होत्या. भांडण सुरू होणार तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या आणि सगळ्यांना आत संगणकाच्या पडद्यासमोर बोलावलं.

घास निघाला होता. पडद्यावर कुशलच्या अन्ननलिकेचा फोटो होता: एकावर एक वळ्या, वॉशिंग मशीनच्या पाइपासारख्या, आणि मधून लांबलांब चिरा.

"नळी आतून गुळगुळीत असते," डॉक्टर म्हणाल्या. "ही पाहा. ही एक प्रकारची ॲलर्जीच. नाकात झाली की शिंका, छातीत झाली की दमा, आणि इथे झाली की वर्षानुवर्षं सूज. सुजून सुजून नळी जाड झाली, कडक झाली, आकसली. मी तुकडे तपासायला घेतलेत, त्याचा रिपोर्ट येऊ द्या, पण मला फारशी शंका नाही. आज अडकलं ते दिसलं. याआधीचं सगळं यांनी पाणी पिऊन पिऊन, चावून चावून ढकललं."

"पाइपात गाळ नाई," नानाजी म्हणाले, "पाइपच आवळला."

"बरोबर."

कुसुमताई पडद्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "ते सावकाश खाणं. ते संस्कार नव्हते?"

"नाही, आई," प्रणाली म्हणाली. "त्यांना गिळता येत नव्हतं."

"मी गल्लीतल्या पोराइले बोलावून दाखवत होती वं," कुसुमताई प्रणालीला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका लहान झाला की चंद्रकलाबाईंनी डबा बाजूला ठेवून त्यांचा हात धरला. मग चंद्रकलाबाईंनी हळूच विचारलं, खायचं काय.

डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या, आणि एक औषध मधात कालवून गिळायचं, त्यावर अर्धा तास पाणी नाही. काही महिने गहू आणि दूध बंद करून पाहू.

"गहू बंद?" चंद्रकलाबाईंना त्या दिवसात पहिल्यांदा हायसं वाटलेलं दिसलं. "मंग काय. तांदळाचं काय काय होते ते मले विचारा. शंभर गोष्टी होतेत."

"मऊ," डॉक्टर म्हणाल्या. "आणि लहान. तुमचा लहान नाही, माझा लहान."

प्रणालीने तेव्हा रीनाचं विचारलं. इतके दिवस छातीत धरून ठेवलेला प्रश्न, ओठांवर आला तो अर्धवटच आला. डॉक्टरांनी रीनाला समोर उभं केलं, दोन-चार गोष्टी विचारल्या, वजन पाहिलं. "घरात एकाला असलं की दुसऱ्याला असू शकतं, म्हणून लक्ष ठेवा. पण ही मला तरी नकलाकार वाटते. आत्ता पाइप-बिइप काही नको. जेवताना पाहत राहा." मग प्रणालीच्या चेहऱ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुम्हाला ते वेगळं सांगायला नको."

"आणि यांची नळी?"

"सूज उतरली की फुगा घालून हळूहळू रुंद करायची. एका दमात नाही, दोन-तीनदा यावं लागेल. छातीत एखाद दिवस दुखतं. घाई केली तर नळी फाटायचा धोका, म्हणून घाई करत नाही. पण यायला पाहिजे. पुष्कळ पेशंट घास निघाला की पुन्हा दिसत नाहीत." त्या थांबल्या. "पार गिळता येईनासं होईपर्यंत."

हे वाक्य प्रणालीने आत खाटेपर्यंत वाहून नेलं. कुशल जागा झाला होता, डोळे जड, ओठ कोरडे. सगळी मंडळी खाटेभोवती उभी राहिली, नर्सने दोनच जण म्हटलं तरी. डॉक्टर उशाशी उभं राहून फुग्याचं सगळं पुन्हा एकदा त्यालाही सांगून गेल्या. त्याने ऐकलं आणि छताकडे पाहत राहिला. प्रणालीने ते पाहणं ओळखलं. रायपूरचा ट्रक कुठूनतरी निघालाच असणार.

नानाजी पुढे झाले. त्यांच्या दृष्टीने दिवस अजून संपलेला नव्हता. शब्द दिलेला होता आणि तो पुरा झाला की नाही हे जावयाच्या तोंडून कळायचं होतं. "जावईबापू," ते म्हणाले, "तपासणी झाली. आता सांगा, रुसवा गेला का? का अजून काही राह्यलं?"

आता त्याला बोलता येत होतं. प्रणालीने सलाइनच्या बाटलीकडे पाहायला सुरुवात केली. तो सांगू शकत होता की मी रुसलोच नव्हतो. ही तुमची पोरगी, हा तुमचा सौरव. आणि मला घरी जाऊ द्या. कुशलने घसा खाकरला. त्याला दुखलं असावं, कारण डोळे मिटले. मग त्याने थुंकी गिळली. आपोआप, सहज, लक्षातही न घेता. आणि गिळून झाल्यावर लक्षात आलं, तसे डोळे उघडून तो चकित झाल्यासारखा प्रणालीकडे पाहत राहिला.

"अजून राह्यलं, मामाजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

चंपतरावांनी "मी म्हटलं नव्हतं का" अशा नजरेने सगळ्यांकडे पाहिलं.

"मॅडम म्हणते तो फुगा. दोन-तीन खेपा या लागते." तो दम घ्यायला थांबला. "मी एकटा आलो तर दारातून पळून जाईन. मले माहीत हाये माहं. तुमी न्याल तर जाईन. अशीच सगळी गाडी भरून. आतोबासुद्धा."

नानाजींनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "दिलं," ते म्हणाले.

"अन् हिले," कुशल म्हणाला, आणि बोट प्रणालीकडे केलं, "हिले कोणी काही बोलायचं नाही. ते धोंडे तिनं माह्यासाठी खाल्ले."

कुणी काही बोलायच्या आत प्रणाली दारातून बाहेर पडली होती. पुढची तारीख घ्यायची होती, त्याचा शब्द गरम होता तोवर. काउंटर व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि मधे "पळू नये" अशी पाटी लावलेली होती. ती पदर खोचून पळाली.